गाठोबाने बांधलेली बॅग

सायकलच्या कॅरिअरवर एक बॅग बांधायला माणसाला किती वेळ लागावा? तिच्या नवऱ्याला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ ती हेल्मेट घालून दारात ताटकळत उभी होती. समोरच्या बाई गॅलरीत येऊन जाऊन शेवटी म्हणाल्याच, "अगंबाई, अजून निघालाच नाहीत?"

"निघतोय हो, यांची बांधाबांध चाललीय," ती म्हणाली आणि आत जाऊन उगाचच पाणी पिऊन आली.

नवऱ्याची सगळी नोकरी पार्सल ऑफिसात गेली होती. तिथे त्याला गाठोबा म्हणायचे. त्याने बांधलेलं पार्सल ट्रकमध्ये आपटो, गोदामात लाथा खावो, सुटायचं नाव नाही. आणि त्याचा त्याला कोण अभिमान! रिटायर झाल्यावर दोघांनी ठरवलेली ही पहिलीच सहल होती, सायकलवरून थेट समुद्रापर्यंत. डॉक्टर त्याच्या इन्सुलिनमुळे आधी नाहीच म्हणत होते. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "जा, पण यांची साखर उतरली तर लगेच द्यावी लागेल, नाहीतर जिवावर बेतेल. गोड काहीतरी हाताशी ठेवा. हाताशी म्हणजे हाताशी." म्हणून तिने ग्लुकोजचा पुडा एका पिशवीत घालून नवऱ्याच्या हँडललाच अडकवला होता.

पहिल्या थांब्यावर तिला टॉवेल हवा झाला. बॅगेला हात लावला तर काय, नायलॉनच्या दोरीचे आडवे-उभे फेरे आणि जागोजागी निरगाठी.

"अहो, ही सोडायची कुठून?"

"सोडायची कशाला?" तो खरोखरच गोंधळला. "पार्सल कापतात."

"हे पार्सल आहे का? मला घाम पुसायचाय!"

त्याने चहावाल्याकडून सुरी मागून आणली, दोरी कापली, टॉवेल काढून दिला. ती बाटल्या भरायला गेली तेवढ्यात पठ्ठ्याने नवी दोरी काढून बॅग पुन्हा आवळून ठेवली होती, पहिल्यापेक्षा घट्ट. तिने कपाळावर हात मारला. अशा माणसाशी डोकं लावायचं म्हणजे स्वतःचंच डोकं फिरवून घ्यायचं.

पुढचा रस्ता मोकळा होता, ना घर ना दुकान. तो मागून येत गाठींवर व्याख्यान झोडत होता, कुठली भिजल्यावर आवळते, कुठली दोन माणसांनी ओढूनही सरकत नाही. ती नुसती "हं, हं" करत होती. मग व्याख्यान मध्येच थांबलं. तिने वळून पाहिलं तर त्याची सायकल नागमोडी चालली होती.

तिने त्याला उतरवून कडेला बसवलं. शर्ट घामाने चिंब, हात थरथरत होते. "कुठे चाललोय आपण?" तो म्हणाला. ती हँडलकडे धावली. हँडलला पिशवी नव्हती.

"अहो, ग्लुकोज कुठाय?"

"लोंबत होतं... चाकात गेलं असतं... बॅगेत घातलं."

"आणि आपला चाकू?"

"तोही आतच."

अरे देवा! तिने गाठीत नखं घातली, एक नख मुळापासून तुटलं. दातांनी ओढून पाहिलं. गाठ ढिम्म हलेना. रस्त्याला गाडी दिसेना. आणि मागे त्याची मान खाली झुकू लागली. "अरे ए, माझ्याकडे बघ! डोळे मिटू नकोस!" ती ओरडली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

कडेला फुटकी बाटली पडली होती. तिने काच उचलली आणि दोरीच्या नादाला न लागता बॅगेचंच पोट फाडलं. कपडे, ब्रश, चाकू, सगळं भसकन रस्त्यावर आलं, त्यातच पुडा होता. तिने पाण्यात पावडर कालवली, त्याची हनुवटी धरून घोट घोट पाजली आणि प्रत्येक घोट गिळेपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहिली.

हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. त्याने आजूबाजूला पसरलेले कपडे पाहिले, फाटलेली बॅग पाहिली, आणि म्हणाला, "गाठ मात्र सुटली नाही बघ."

मग मात्र तिचा बांध फुटला.

"सुटली नाही! जन्मभर नुसतं बांधत आलात! सोडणाऱ्याचे काय हाल होतात, कधी बघितलंय? मी आहे सोडणारी! तुम्ही मान टाकून बसला होतात, इथे मी एकटी होते त्या गाठीपुढे! तुम्हाला काही झालं असतं तर मी काय करणार होते, सांगा ना!"

तिच्या बोटातून रक्त येत होतं, ते आता त्याला दिसलं. रुमाल काढून तो त्या बोटाला गुंडाळू लागला, पण हात अजून थरथरत होते, काही जमेना. तिनेच दातात टोक धरून तो बांधला.

तो पुरता सावरेपर्यंत ती जागची हलली नाही. मग पुडा तिने त्याच्या खिशात कोंबला. फाटकी बॅग चादरीत गुंडाळून तिने स्वतः बांधली, सैलसर, एका हिसक्यात सुटेल अशी. तो बाजूला उभा राहून बघत होता आणि त्याच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. पण दोन्ही हात त्याने पाठीमागे धरून ठेवले होते.

थोडं पुढे गेले नाहीत तोच बॅग पडली. तिने उचलली, बांधली. ती पुन्हा पडली. वळणावर तर बॅगेतून सगळंच रस्त्याभर पांगलं आणि तिचा एक मोजा गटारात गेला. ती सायकल सोडून तिथेच मटकन खाली बसली आणि मघापासून अडलेलं रडू एकदम बाहेर आलं, हुंदक्यांवर हुंदके.

तो जवळ येऊन उकिडवा बसला. बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून राहिला. मग हळूच म्हणाला, "मी बांधू का?"

"हात तर लावून बघा!" ती रडत रडतच म्हणाली, आणि त्याच्या खिशातला पुडा चाचपून पाहिला.