तिसऱ्या कॅनवरचा शब्द

आमच्या धुलाईघरातल्या सुपरवायझरला सगळे 'डिक्शनरी' म्हणत, आणि त्याला तो मान वाटे. शर्टाच्या खिशात बोटभर जाडीचा शब्दकोश असे. त्याच्या वजनाने खिसा लोंबून गेला होता. कोणी जरा वेगळा शब्द उच्चारला की हा पान उलटणार आणि अर्थ तोंडावर फेकणार. चार वर्षांत त्याने एकदाही हात ओले केले नव्हते.

मी अक्षरे शिकलो ती एकसष्टाव्या वर्षी. संध्याकाळच्या वर्गातली मास्तरीणबाई माझ्या मुलीहून लहान होती. ती म्हणायची, "आजोबा, अनोळखी शब्द आला की तिथेच ठिय्या देऊन बसू नका. मागे जा, पुढे जा. आजूबाजूचे शब्द त्याची चुगली करतात." वर्गातल्या इतरांना हे जड गेले, मला नाही. धुलाईत आमचे तेच तर चालते. चादरीवर डाग दिसला की आम्ही तो कुठे आहे ते आधी बघतो. उशीच्या कडेला तपकिरी असेल तर केसांचे तेल, मधोमध असेल तर चहा, पायथ्याशी काळा असेल तर बुटाचे पॉलिश. बूट घालून झोपणारी माणसे हॉटेलात फार येतात आणि ती सगळी शिकलेली असतात.

या पद्धतीने मी एकदा तोंडावर आपटलो आहे, तेही सांगतो. वर्तमानपत्रात 'दिवंगत' हा शब्द मला वरचेवर भेटायचा. नेहमी मोठ्या माणसाच्या नावाआधी, खाली फोटो, फोटोखाली कौतुक. मी ठरवले, ही मोठी पदवी आहे. आमच्या मालकीणबाई गुडघ्याची शस्त्रक्रिया करून परत आल्या, तेव्हा दाराजवळच्या फळ्यावर मी स्वतःच्या हाताने लिहिले, 'दिवंगत मालकीणबाईंचे स्वागत.'

बाई काठी टेकत आल्या, वाचले आणि म्हणाल्या, "मेल्यावरसुद्धा कामाला यायला लावता का रे मला?"

त्या हसल्या म्हणून निभावले. डिक्शनरीने मात्र सहा महिने ती गोष्ट पाव्हण्यारावळ्यांना सांगितली. तेव्हापासून मला तो 'दिवंगत काका' म्हणे. मी एवढे शिकलो की एकाच शेजाऱ्याला विचारून सोयरीक ठरवू नये. तीन शेजारी एक बोलले तर विश्वास ठेवावा.

पुढे साबण बदलला. पूर्वी एकच पावडर यायची, तिच्या जागी तीन कॅन येऊ लागले. पहिला साबणाचा, दुसरा पांढरेपणाचा आणि तिसऱ्यावर छापलेले 'निष्प्रभावक'. डिक्शनरीने तिथल्या तिथे शब्दकोश काढला, बोट फिरवले आणि आम्हा सगळ्यांना ऐकवले, "निष्प्रभावक म्हणजे प्रभाव नाहीसा करणारा. वाचा! महागाचा साबण आणायचा आणि वर त्याचा प्रभाव नाहीसा करायचा? विकणाऱ्यांना काय, दोनाऐवजी तीन कॅन गळ्यात मारायचे असतात." तिसरा कॅन कोठीच्या कोपऱ्यात गेला. त्याच्याबरोबर आलेले माहितीपत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगले गेले. त्याने ते उघडले नव्हते. एका शब्दाचा अर्थ मिळाल्यावर बाकीचे कोण वाचतो?

तीन महिन्यांत हॉटेलच्या चादरी पिवळ्या पडू लागल्या. धुऊन निघताना पांढऱ्या, इस्त्रीखालून निघताना पिवळसर, जुन्या दातासारख्या. इस्त्रीच्या खोलीत सात टेबले आहेत आणि मोठ्या चादरी पहिल्या टेबलावर येतात. ते टेबल माझ्या धाकट्या बहिणीचे. अठ्ठावीस वर्षे ती तिथे उभी आहे. डिक्शनरी खोलीत आला आणि सहा बायकांच्या देखत तिला म्हणाला, "मावशी, वय झालं तुमचं. इस्त्री तापत ठेवता आणि उभ्या उभ्या डुलक्या काढता. चादरी जाळल्यात तुम्ही."

"जळलेल्या कापडाला वास येतो," ती म्हणाली. "हुंगून बघ."

"मला हुंगायला शिकवू नका."

मालकीणबाईंनी शनिवारपर्यंत मुदत दिली. चादरी सुधारल्या नाहीत तर पहिल्या टेबलावर दुसरी बाई. घरी आल्यावर बहीण दार उघडताना म्हणाली, "दादा, काम गेलं तर गेलं. पण लोक म्हणतील, हिनं चादरी जाळल्या म्हणून हाकलली. माझ्या हातून आजवर एक रुमाल तरी जळलाय का रे?"

"नाही."

"मग त्याला बोलला का नाहीस?"

मी काय बोलणार होतो? वाद घालायला काही हाती हवे.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी कोठीत जाऊन पिशवी खिळ्यावरून काढली. डिक्शनरी दारातच डबा खात होता.

"दिवंगत काका, झेपेल का? त्यात चित्रं नाहीत हो."

"बघतो."

"अडलं तर विचारा. माझ्याकडे आहे." त्याने खिसा थोपटला.

मी कॅनवर बसलो, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचू लागलो. पत्रक लिहिणाऱ्याने जन्मात कपडा पिळला नसावा. साधे 'घाला' म्हणायचे तिथे 'समाविष्ट करावे', 'ओले' म्हणायचे तिथे 'आर्द्र'. दुसऱ्या पानावर तो शब्द आला. तो मी अंगठ्याने झाकला आणि शेजारी वाचले.

'धुलाईच्या अखेरच्या पाण्यात' हा पहिला. 'मिसळण्यापूर्वी पाणी हातास बुळबुळीत लागते, मिसळल्यानंतर लागू नये' हा दुसरा. आणि तिसरा, 'हे न केल्यास इस्त्रीची उष्णता लागताच कापड पिवळे पडते.'

मी अंगठा काढला. अंगठ्याखाली कोण बसले आहे ते कळून चुकले होते. आमच्या उमेदवारीच्या काळात शेवटच्या पाण्यात एक मापभर पातळ औषध पडायचे, त्याला आम्ही 'आंबट' म्हणायचो. कापडात दडून राहिलेला साबणाचा खार ते मारत असे. पुढे सगळे एकाच पावडरीत येऊ लागले आणि आंबट विसरले गेले. मीही विसरलो. तीन महिने बुळबुळीत चादरी याच हातांनी उपसत होतो आणि म्हणत होतो, नवा साबण असाच असेल. डिक्शनरीला मूर्ख म्हणताना हेही लिहायला हवे. त्याला निदान ओल्या कापडाची ओळख नव्हती. मला होती.

पत्रक घेऊन मी दारात गेलो. "प्रभाव नाहीसा करणारा, बरोबर आहे तुमचं. पण कशाचा प्रभाव?"

"साबणाचा."

"कधी?"

"कधी म्हणजे?"

"मळ निघून गेल्यावर. काम झाल्यावर साबण घरात कशाला ठेवायचा? तो कापडात राहतो, इस्त्री लागली की पिवळा होतो. इथं लिहिलंय."

त्याने पत्रक घेतले नाही. शब्दकोश काढला, तोच शब्द पुन्हा शोधला आणि तोच अर्थ पुन्हा वाचून दाखवला, या वेळी जरा मोठ्याने. "कोशात खार नाही, इस्त्री नाही, पिवळं नाही. तुम्ही मनानं जोडताय. मालकीणबाईंना जिवंतपणी मारलंत, आता चादरींच्या मागे लागलात!"

शेजारी डबा खाणारे दोघेजण हसले. मी तडक मालकीणबाईंच्या खोलीत गेलो.

"बाई, दोन चादरी द्या. एक तिसरा कॅन घालून काढतो, एक तशीच. टेबल तेच, इस्त्री तीच, बाईही तीच. तुम्ही समोर बसा."

"आणि तुझा अंदाज चुकला तर?"

"तर फळ्यावर माझ्याच नावाआधी तो शब्द लिहा."

शनिवारी सकाळी त्या इस्त्रीच्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या. बहिणीने साधी चादर आधी घेतली. इस्त्री दुसऱ्यांदा फिरली आणि पिवळी झाक वर आली. मग तिसऱ्या कॅनची घेतली. एकदा, दोनदा, चारदा इस्त्री फिरवली. पाचव्यांदा तिने मुद्दाम सावकाश फिरवली. चादर पांढरीच राहिली.

मालकीणबाईंनी दोन्ही कडा बोटांत धरून पाहिल्या. "तिसरा कॅन आजपासून सुरू," त्या म्हणाल्या आणि काठी घेऊन उठल्या. पहिल्या टेबलाकडे बघून म्हणाल्या, "तू आहेस तिथेच राहा."

मला वाटले, झाले. बहिणीला तसे वाटले नव्हते.

दुपारी डिक्शनरीने भिंतीवर सूचना लावली. बहिणीला वाचता येत नाही. ती म्हणाली, "दादा, वाच." मी वाचले, 'तांत्रिक बाबींचे पुनरावलोकन केल्यानंतर प्रक्रियेत अपेक्षित सुधारणा करण्यात येत आहे.' पुनरावलोकन मला ठाऊक नव्हते, पण त्या ओळीत माणूस एकही नव्हता एवढे दिसत होते.

"माझं नाव कुठाय?"

"नाही."

"चादरी मी जाळल्या नव्हत्या, असं?"

"तेही नाही."

तिने इस्त्रीचे बटण बंद केले आणि स्टूल ओढून बसली. हॉटेलची गाडी चारला यायची होती. टेबलाशेजारी शेवटच्या बारा चादरी उरल्या होत्या. डिक्शनरी धावत आला.

"मावशी, हे काय? लावली ना सूचना!"

"भिंतीला काय सांगतोस? जाळल्या म्हणालास ते तोंडानं म्हणालास. या सगळ्या होत्या."

"अहो, त्याचा अर्थ तोच होतो."

"होत असेल. मी अडाणी आहे. मला सोपं करून सांग."

साडेतीनपर्यंत तो तीनदा आला नि तीनदा गेला. शेवटी सहा बायकांच्या मधोमध उभा राहून, जमिनीकडे बघत म्हणाला, "चादरी मावशींनी जाळल्या नव्हत्या."

"मग कुणामुळे पिवळ्या पडल्या?"

त्याने खिशातला शब्दकोश चाचपला.

"माझ्यामुळे."

बहिणीने बटण चालू केले. इस्त्री तापेपर्यंत वरची चादर उचलली आणि दोन कोपरे त्याच्यापुढे धरले. "घे. मोठी आहे, एकटीला झेपत नाही. गाडी यायची वेळ झाली."

त्याने कोपरे घेतले, उलटे घेतले, आणि चादर मधोमध जमिनीला टेकली. चार वर्षे तो धुलाईघराचा सुपरवायझर होता आणि त्याला चादर धरता येत नव्हती.

"ती परत धुवायला टाक," बहीण म्हणाली, "आणि दुसरी उचल."