दाजींची मागची सीट

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांचा कुत्रा मार्चमध्ये गेला, आणि जून संपेपर्यंत त्यांचे सहा विद्यार्थी परीक्षेत नापास झाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कुत्र्याचं नाव दाजी. मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ऑफिस, फोन आणि मास्तर असं तिन्ही सांभाळणाऱ्या ताईने, लग्न केलं नव्हतं. त्यामुळे घरात दाजी हे पद रिकामं होतं. मास्तरांनी ते भरून टाकलं. ताई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने दाजींसाठी वेगळी ताटली काढली आणि वर सुनावलं, की नवरा केला असता तर त्याचंही एवढं केलं नसतं.

अकरा वर्षं दाजी शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर बसले. पुढे विद्यार्थी कितीही थरथरो, त्यांच्या कपाळावरची सुरकुती हलत नसे. गाडी बंद पडली की ते जांभई देत. शेवटी शेवटी गुडघे धरायला लागले, तेव्हा मास्तर मागचं दार उघडून उभे राहू लागले. आधी पुढचे पाय, मग थोडा विचार, मग मागचे पाय. सगळं मिळून नऊ आकडे. मग दार लावायचं आणि धडा सुरू.

दाजी गेले तरी मास्तरांचा हात थांबला नाही. खरं म्हणजे त्यांनी तो थांबवलाच नाही. रोज दार उघडायचे, मनात नऊ मोजायचे, आणि नवाला सीट किंचित दबल्याचं त्यांना स्वच्छ कळायचं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. दाजी येत होते, बसत होते. पूर्वीही तेवढंच करत.

विद्यार्थी मात्र बघत होते. नवा शिकणारा माणूस मास्तरांची शिंकसुद्धा धड्यात धरतो. सीट, आरसा, पट्टा, मागचं दार, असं त्यांनी घोकून टाकलं. परीक्षेच्या मैदानावर एकेक जण मागचं दार उघडून गंभीर चेहऱ्याने उभा राहू लागला. परीक्षकांनी पहिल्याला विचारलं, कोण यायचंय? तो म्हणाला, माहीत नाही, पण वाट बघायला शिकवलंय. सहाव्या खेपेपर्यंत परीक्षकांनी विचारणं सोडलं होतं. दार उघडलं की ते पेनाचं टोपण काढत.

ती सहावी म्हणजे एक दातांची डॉक्टरीण. शिस्तीची बाई. तिने ऑफिसात येऊन आपली वही ताईच्या पुढ्यात ठेवली. त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: मागचं दार, नऊ आकडे. ताईने मास्तरांना बोलावून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कशासाठी असतं, हवा खेळायला का? मास्तर म्हणाले, दाजी बसतात. मग परीक्षेच्या वेळी हे दाजी कुठे होते, असं बाईंनी जरा घुश्शातच विचारलं. ताई म्हणाली, ते वारले. पंधरा वर्षं दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणाऱ्या बाईंचं स्वतःचं तोंड थोडा वेळ तसंच राहिलं.

त्या गेल्यावर ताई म्हणाली, "उद्यापासून ते दार उघडायचं नाही. दाजी गेलेत. आपण दोघांनी त्यांना पुरलंय."

"पुरलंय ते खरंच आहे," मास्तर म्हणाले. "पण ते येतात, त्याला मी काय करू?"

"मग शिकवणी बंद करू. तू बस त्यांना फिरवत."

दुसऱ्या दिवशी पहिला धडा पुन्हा डॉक्टरीणबाईंचाच होता. मास्तरांनी दार उघडलं नाही. आरशातही पाहिलं नाही. गाडी निघाली. बेकरी गेली, चपलांचं दुकान गेलं. अकरा वर्षांत मास्तरांनी दाजींना एकदाही मागे टाकलं नव्हतं. आणि दाजी काही धावत येणाऱ्यातले नव्हते. दार उघडेपर्यंत फुटपाथवर उभे राहतील, ऊन झालं तरी हलणार नाहीत.

चौकाच्या अलीकडे मास्तरांचा पाय त्यांच्या बाजूच्या जादा ब्रेकवर पडला. ते उतरले, चालत ऑफिसपर्यंत मागे गेले, जरा वाकून काहीतरी बोलले आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या चालीने हळूहळू परत आले. मागचं दार उघडलं. नऊ आकडे. लावलं.

डॉक्टरीणबाईंनी वही काढलीच होती. "हे परीक्षेत विचारतात का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "दारसुद्धा नाही. ते दार माझं आहे. तुम्ही फक्त गाडी चालवायची."

बाईंनी वहीतली ती ओळ पट्टी लावून खोडली. मग आरशात बघत विचारलं, "दात कसे होते?"

"शेवटी तीनच उरले होते."

"म्हणजे वय झालेलं," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वळण त्यांनी इतकं अलगद घेतलं, की मास्तरांना शिकवायला काही उरलं नाही.

परीक्षेच्या दिवशी ताई जातीने मैदानावर आली. तिचा भावावर काडीचा भरवसा नव्हता. मास्तरांनी मागचं दार उघडलं आणि हळू आवाजात सांगितलं, की परीक्षा एकट्याने द्यायची असते, तुम्ही आज खाली या. उतरायला अकरा आकडे लागले. परीक्षकांनी सवयीने पेनाचं टोपण काढलं, पण बाई पट्टा लावून सरळ समोर बघत बसल्या होत्या, आणि मास्तरांना नापास करायला त्यांच्या कागदावर रकानाच नव्हता. त्यांनी टोपण लावलं. गाडी गेली.

मास्तर भिंतीकडेच्या बाकावर एका टोकाला बसले. उजवा हात त्यांनी बाजूला ठेवला, पण बाकावर नाही. बाकाच्या वीतभर वर, पाठीवर ठेवतात तसा. ताई आली आणि उभी राहिली. मास्तरांनी तिला बस म्हटलं नाही. तिने आधी हाताकडे पाहिलं, मग हाताखाली पाहिलं. मैदानावर गाडी उलटी जात दोन पिंपांमधून आत शिरली, थांबली आणि बाहेरही आली. तेवढा वेळ ताई उभीच होती.

मग तिने पर्स काखेत घेतली.

"सरका तिकडे जरा," ती बाकाला म्हणाली. "पसरून बसायची सवय काही गेली नाही मेली."

मास्तरांनी हात थोडा आपल्याकडे घेतला. ताई बसली, अगदी कडेला, मधे पुरेशी जागा सोडून. डॉक्टरीणबाई पास झाल्या, हे त्या बाकावर जरा उशिराच कळलं.