गरम डबा

धूर तपासणीच्या रांगेत ताईची शाळेची व्हॅन उभी होती आणि तिचा धाकटा भाऊ व्हॅनभोवती घिरट्या घालत होता. भाऊ मेकॅनिक. दुसऱ्यांच्या गाड्यांपाशी थंड डोक्याचा, पण ताईच्या गाडीपाशी त्याचा जीव कायम टांगणीला. उद्या शाळा उघडणार होती. आज गाडी नापास झाली, तर पोरं न्यायची परवानगी गेलीच.

इंजिन बंद करू नकोस, असं त्याने ताईला इतक्यांदा बजावलं होतं की तिने ऐकणंच सोडलं. गाडीच्या पोटाखाली, धुराच्या नळीत एक डबा असतो. आतल्या बारीक जाळीतून जाताना विषारी धूर बराचसा निवळतो, पण जाळी तापलेली असेल तरच. गार असली की ती असून नसल्यासारखी. या व्हॅनची जाळी तर म्हातारी, तापायला अर्धा रस्ता खाणारी.

रांग काही हलेना. आणि उभ्या उभ्या गाडी चालू ठेवून डबा उलट निवतोय, हे भावाच्या आत्ता कुठे लक्षात आलं. त्याला घाम फुटला. ताईला बाजूला सरकवून त्याने हातातला नंबर सोडला आणि व्हॅन मोठ्या रस्त्यावर पिटाळली. ताईच्या तोंडाचा पट्टा सुटला तो परत येईपर्यंत. पण डबा मस्त तापला आणि गाडी पास झाली.

व्हॅन नेहमीप्रमाणे भावाच्या दारात येऊन थांबली. रात्री ती तिथेच असायची. भाऊ शीळ घालत उतरला. ताई मात्र बसूनच होती.

“सकाळी गाडी गारच असते ना रे?”

“थोडा वेळ. मग तापते.”

“पहिली तुझीच पोर चढते. मी गाडी चालू करते, तेव्हा ती मागे, धुराच्या नळीपाशीच उभी राहून दप्तर ठेवत असते.”

भावाची शीळ थांबली. शाळेच्या दिवसांतला पोरीचा सकाळचा खोकला जावा म्हणून त्याने थंड पाणी बंद केलं होतं, उशी बदलली होती, बायकोवर विनाकारण डाफरला होता.

तेवढ्यात आत्याची गाडी आलेली पाहून लेक धावत आली आणि सवयीने व्हॅनच्या मागे जाऊन उभी राहिली. इंजिन अजून चालू होतं. भावाने खिडकीतून हात घालून ते बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

“पोरांच्या घरी फोन कर, ताई. उद्या व्हॅन येणार नाही म्हणून सांग.”