तृप्तीचा मेसेज आणि नांदगावचं मेंढरू

देवळाली कॅम्पातल्या चर्चमध्ये तृप्ती नोकरीला लागली तेव्हा तिच्या हुद्द्याचं नाव ओळखपत्रावर दोन ओळींत बसवावं लागलं: ‘संपर्क व कलाप्रकल्प समन्वयक’. मंडळीतल्या बायका तिला सरळ पोस्टरवाली म्हणायच्या. पोस्टर, व्हिडिओ, नाटुकली, रविवारच्या उपासनेचं लाइव्ह, सगळं तिच्याकडे. आणि तिला ते भलतंच आवडायचं.

त्या वर्षी संडे स्कूलच्या वार्षिक कार्यक्रमात हरवलेल्या मेंढराची गोष्ट नाटकातून करायचं ठरलं. शंभरातलं एक मेंढरू हरवतं, मेंढपाळ बाकीची सोडून त्याला शोधतो, खांद्यावर घालून आणतो. तृप्तीला वाटलं, जिल्ह्यातल्या गावोगावच्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांनाही सामील करून घ्यावं. प्रत्येक गावचं एक मूल मेंढरू होईल, झालं! तिने ग्रुपवर मेसेज टाकला: ‘प्रत्येक मंडळीने एक मेंढरू आणावे. स्वच्छ आंघोळ घालून आणावे. गळ्यात गावाच्या नावाची पाटी असावी.’ मुलांना कापसाचे कान इथे मिळतील, हे वाक्य मात्र लिहायचं राहून गेलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दहालाच फाटकाशी छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला. त्यातून नांदगावचे धोंडीराम काका उतरले, त्यांच्यामागून त्यांची बायको कुसाबाई, आणि कुसाबाईंच्या कडेवरून चार पाय लोंबकळत होते. पांढरंशुभ्र कोकरू. गळ्यात पाटी: ‘नांदगाव’.

“शाम्पूनं धुतलंय बरं का, ताई,” कुसाबाई म्हणाल्या. “दोन येळा.”

तृप्तीला आधी काही कळेना. मग मेसेज आठवला आणि पोटातून असं हसू उसळलं, की तिला ओढणी तोंडात कोंबावी लागली. मेंढरू म्हणजे पोरगं हो, काका, असं ती सांगणारच होती. तेवढ्यात धोंडीराम काका म्हणाले, “एवढी वर्षं पत्रिका येती, आम्ही येतो, मागं बसतो, जेवून जातो. पहिल्यांदाच कुणी आमच्याकडं कायतरी मागितलं. सगळ्या मंडळीनं मिळून निवडलं बघा हे.”

तृप्तीने ओढणी तोंडातून काढली.

“लय भारी निवडलंत, काका,” ती म्हणाली. “अगदी असंच पाहिजे होतं.”

बाकीच्या गावांनी पोरंच आणली होती. फक्त कळवणच्या संध्याबाई शिक्षिका जीपमधून उतरल्या त्या एक काळी शेळी ओढत. “मेंढरू काही मिळालं नाही. शेळी चालेल का?”

पाळकसाहेब व्हरांड्यातून बघत होते. शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे, हे त्यांनीच मागच्या रविवारी शिकवलं होतं. “चालेल,” ते गंभीरपणे म्हणाले, “फक्त डाव्या बाजूला बांधा.” आणि स्वतःच इतके हसले, की चष्मा पुसायला आत गेले.

आता पंचाईत एकच होती. मेंढपाळ झाला होता किशोर. बँकेतला माणूस, आवाज घुमटात घुमावा तसा, पण कोंबडी आडवी आली तरी रस्ता बदलणारा.

“मी याला उचलायचं?” तो म्हणाला. “खऱ्याला?”

“खांद्यावर,” तृप्ती म्हणाली. “हसत.”

अकरा वाजता लाइव्ह सुरू झालं. कापसाचे कान लावलेली पोरं रांगेत रांगली, मधोमध खरं कोकरू ऐटीत उभं. किशोर मोजत मोजत शेवटाकडे आला. “सत्त्याण्णव… अठ्ठ्याण्णव…” त्याच क्षणी तबलजींनी जोरात थाप मारली. कोकरू दचकलं, किशोरच्या दोन पायांमधून निसटलं आणि भजनसंघातून, चपलांच्या ढिगावरून, मोठ्या दारातून थेट बाहेर!

मग एक पोरगी ओरडली, “अरे, खरंच हरवलं!”

धोंडीराम काका उठायच्या आत किशोर धावत सुटला होता. झगा वर धरून, काठी टाकून. त्याच्यामागे कापसाच्या कानांची पलटण, तिच्यामागे भजनसंघ, आणि सगळ्यांत शेवटी हातात फोन घेतलेली तृप्ती. लाइव्ह चालूच होतं. स्क्रीनवर नुसते पाय, आभाळ आणि “पकडा, पकडा!” एवढंच दिसत होतं. कॅम्पातल्या बाजारात सुट्टीवर फिरणारे दोन जवानही कारण न विचारता पळू लागले.

कोकरू सापडलं भागीबाईंच्या भाजीच्या गाड्यापाशी. कोथिंबिरीची अख्खी जुडी तोंडात होती.

“कुणाचं हो हे?” भागीबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

किशोर धापा टाकत गुडघ्यांवर बसला. कोकराने त्याच्याकडे बघितलं, चघळणं काही थांबवलं नाही. किशोरने डोळे घट्ट मिटले, हात पुढे केले आणि उचलून खांद्यावर घातलं.

“माझं आहे, मावशी,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कापला. भीतीने की आणखी कशाने, त्यालाही कळलं नाही.

मग तो निघाला. बाजार दोन्ही बाजूंना थांबला होता. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. भजनसंघाने रस्त्यातच गाणं उचललं, पोरं नाचत सुटली. फाटकात धोंडीराम काका उभे होते. मागच्या बाकावर बसायला ते गेलेच नाहीत. किशोरने त्यांचा हात धरला आणि दोघं मधल्या वाटेने थेट पुढे, व्यासपीठावर गेले. कुसाबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

पाळकसाहेबांनी प्रवचनाचा कागद घडी करून खिशात ठेवला. “मला आता काही सांगायचं उरलेलं नाही,” ते म्हणाले. “जेवायला चला.”

पंगतीत तृप्ती कुसाबाईंच्या शेजारी बसली. न राहवून तिने हळूच सगळं खरं सांगून टाकलं. मूल म्हणायचं होतं, वाक्य राहिलं, सगळं.

कुसाबाईंचा घास हातातच राहिला. मग त्या खांदे गदगद हलेपर्यंत हसल्या, हसता हसता तृप्तीच्या मांडीवर थाप मारली आणि कानाशी वाकून म्हणाल्या, “ह्यांना नको सांगू, बाई. आता वाढ मला आणखी भात.”