पुढचं दार

दर ऑगस्टमध्ये कुणीतरी टेपरेकॉर्डर घेऊन येतं आणि विचारतं, "वूडस्टॉकच्या वेळी तुम्ही इथेच होतात ना?" होते की. एकोणसत्तर सालचा तो तीन दिवसांचा गाण्यांचा जलसा; नाव झालं वूडस्टॉकचं, चिखल आला आमच्या बेथेल गावाच्या वाट्याला. मग मी त्यांना मोडलेली कुंपणं, वाया गेलेलं दूध, आमच्या तळ्यात नागडी अंघोळ करणारी पोरं, असलं सगळं सांगते. त्यांना तेवढंच हवं असतं. पुढच्या दाराचं मी कुणाला सांगत नाही.

आमच्याकडे घराला पुढचं दार असतं ते नावापुरतं. शेजारी काय, पाद्री काय, सगळे मागून, स्वयंपाकघराच्या दाराने येतात. पुढून येतो तो परका, आणि परका सहसा काही चांगलं घेऊन येत नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये हॅटी ब्रूवरच्या पुढच्या दाराशी लष्कराचे दोन अधिकारी येऊन उभे राहिले, तिचा मुलगा व्हिएतनाममध्ये मारला गेला हे सांगायला. त्याच दिवशी मी आमच्या पुढच्या दाराला आतून कपाट सरकवून लावलं. आमचा मुलगा क्लेटनही तिकडेच होता. ऑगस्ट उजाडला तेव्हा सहा आठवडे त्याचं पत्र नव्हतं.

शुक्रवारी गाड्यांनी रस्ता असा तुंबला की दुधाचा टँकर येईना. गाई काही गाण्यासाठी थांबत नाहीत. माझा नवरा ऑरिन दोन्ही वेळा धारा काढायचा आणि शिव्या घालत दूध चरात ओतायचा. मीही त्याच्याबरोबर चार शिव्या घातल्या, पण खरं सांगते, मला हायसं वाटत होतं. दुधाची गाडी येत नाही तर लष्कराची तरी कुठून येणार?

पोरं मात्र येत होती. भिजलेली, उपाशी, अनवाणी. त्यांना फोन हवा असायचा. स्वयंपाकघराच्या दाराशी रांग लागली आणि मी नियम घालून दिला: फोन डावीकडे, आईला सांगा ठीक आहात, आणि लवकर आटपा. तीन दिवस मी तेच ऐकत होते. "आई, मी ठीक आहे गं." ती पोरं युद्धाला शिव्या देत होती, ऑरिन त्यांना भेकड म्हणत होता, आणि मी अंडी तळता तळता प्रत्येकाच्या त्या वाक्याला कान लावून बसायचे. आवाज परका असला तरी वाक्य मला चालत होतं.

रविवारी पाऊस कोसळून गेल्यावर शेजारच्या रानात लष्कराचं हेलिकॉप्टर उतरलं. थोड्या वेळाने पुढचं दार वाजलं.

पडद्याआडून पाहिलं तर गणवेशातला एक तरुण, हातात कागद. रस्त्याचा विचार मी केला होता, आभाळाचा केलाच नव्हता.  मी कपाटाला पाठ लावून खाली बसले.

"मिसेस केसलर?" त्याने टपालपेटीवरचं नाव वाचलं असणार, पण ते मला नंतर सुचलं. "जरा दार उघडता का?"

"इथे कुणी राहत नाही," मी म्हणाले.

स्वयंपाकघरात दहा पोरं कलकलाट करत होती.  तो म्हणाला, हवं तर बाहेरूनच बोलतो.

"बोलू नकोस बाळा," मी म्हणाले. "पाया पडते तुझ्या. बोललास की ते खरं होईल."

तो खूप वेळ बोललाच नाही. शेवटी ऑरिन गोठ्यातून आला आणि त्याला मागून आत घेऊन आला. "अगं, डॉक्टरांचा मदतनीस आहे हा," ऑरिन म्हणाला. काचेने पाय कापलेल्या पोरांच्या जखमा बांधायला चादरी हव्या होत्या. हातातला कागद म्हणजे सामानाची यादी.

मी हसत सुटले, रडत सुटले. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी दिल्या. क्लेटन युद्धावर गेल्यापासून त्याचं अंथरूण मी तसंच घालून ठेवलं होतं, तेही ओढून काढलं. तो कुठे डिसेंबरच्या आत येतोय, म्हटलं, तोवर नव्या आणू. त्याच आनंदात मी ऑरिनला कपाट बाजूला करायला लावलं. कशाला उगाच अपशकुन, म्हटलं.

मंगळवारपर्यंत रस्ता मोकळा झाला. बुधवारी सकाळी मी भांडी घासत होते, दाराकडे पाठ होती. स्वयंपाकघराचं दार वाजलं. हजारो पायांनी गवत तुडवून तिथवर रुंद पायवाट पाडली होती. नवख्या माणसाला दुसरीकडे दार असेल अशी शंकाही आली नसती.

"उघडंच आहे," मी म्हणाले. "फोन डावीकडे. आईला सांगा ठीक आहात, आणि लवकर आटपा."

फोनकडे कुणी गेलं नाही. मी वळले तर दोघे होते, टोप्या हातात घेऊन.

क्लेटन गुरुवारी गेला होता. शुक्रवारी रस्ता तुंबल्याचा मला आनंद झाला, त्याच्या आदल्या दिवशी.