तसंच शहर, पण बिनपायऱ्यांचं

चष्मेवाल्या आजोबांच्या बायकोचा एका शहरावर भारी जीव. समुद्राकाठच्या डोंगरावर वसलेलं ते शहर म्हणजे नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. दूध आणायचं तर पायऱ्या, पत्र टाकायचं तर पायऱ्या. लग्नानंतर दोघं तिथे गेली आणि मग संधी मिळेल तेव्हा जातच राहिली. यंदा मात्र आजीच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या, तशी आजीने खिडकीजवळची खुर्ची धरली. जायचं तर तिथेच, नाहीतर कुठेच नाही, असं तिने जाहीर करून टाकलं. बघता बघता त्या ‘कुठेच’मध्ये कोपऱ्यावरचा बाजार आला, समोरची बागही आली. बायको एकदा खुर्चीला चिकटली की तिथून उठवणं काही आपल्या हातचं नाही, हे आजोबांना ठाऊक होतं.

मग घरादाराने तसंच दुसरं शहर शोधायचा चंग बांधला. मुलाने समुद्र, डोंगर आणि वर जायला लिफ्ट असलेलं एक गाव काढलं. सुनेने तश्शीच लाल कौलं असलेलं दुसरं. आजीने दोन्हींचे फोटो पाहिले, छान आहे म्हणाली, आणि तुम्ही सगळे जाऊन या, असंही म्हणाली.

आजोबांची नात जरा म्हणून एका जागी बसत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. शाळा सुटली की ती आजोबांच्या चष्म्यांच्या दुकानात यायची. सगळं सारखं असूनही आजीला ते सारखं का वाटत नाही, असं तिने विचारलं. मुलांना सरळ उत्तर द्यायचं नाही, ही आजोबांची जुनी खोड.

“तू कोणासारखी आहेस?” त्यांनी उलट विचारलं.

“सगळे म्हणतात, बाबांसारखी.”

“कशात? त्यांना तर मिशा आहेत.”

भिंगरीने बराच विचार केला. “सकाळी उठल्या उठल्या चिडण्यात.”

“बघ, म्हणजे तोंडावरून नाही कळत. कशात सारखं, ते आधी शोधावं लागतं.”

एवढ्यात गिऱ्हाईक आलं. आजोबांनी त्याच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली आणि एकामागून एक भिंगं सरकवायला लागले. हे बरं की हे? आता हे की आधीचं? बोलता बोलता त्यांचा हात थबकला. तुमचा नंबर किती, असं गिऱ्हाइकाला आपण कधी विचारत नाही. त्यालाच कुठे ठाऊक असतं? मग त्या शहरातलं नेमकं काय आवडतं, हे बायकोला तरी कुठे ठाऊक असणार?

रविवारी दुपारी त्यांनी ढीगभर शहरांचे फोटो आजीसमोर आणले. दोन-दोन दाखवायचे, आजीने एक निवडायचा, कारण सांगायचं नाही. भिंगरी मदतनीस झाली.

“अहो, माझे डोळे ठीक आहेत, गुडघ्यांचं बघा,” आजी म्हणाली. पण निवडायला लागली.

तिने समुद्र टाकला आणि बसचा थांबा घेतला. लाल कौलं टाकली आणि पावाच्या दुकानापुढची रांग घेतली. डोंगर टाकून रेल्वेचं बंद फाटक घेतलं, तेव्हा मुलाने आपल्या बायकोकडे काळजीने पाहिलं. आजीने निवडलेले फोटो आजोबांनी जमिनीवर मांडले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. एकाही फोटोत कोणी चालत नव्हतं. सगळी माणसं खोळंबलेली.

“अगं,” ते हळूच म्हणाले, “तिथे चढताना तू मध्येच बसायचीस ना?”

“सगळेच बसायचे की,” आजी खुलली. “दम लागला की कोण सावकार आणि कोण हमाल? एकदा पायरीवर टेकलं की बोलणं आलंच. एका बाईने मला सुनेची गाऱ्हाणी सांगितली, मी तिला सासूची. खाली उतरेपर्यंत आम्ही मैत्रिणी. सपाट गावात कोण थांबतं हो? जो तो आपला सुटलेला.”

आता काय शोधायचं ते कळलं. सपाट जागा, पण जिथे सगळ्यांना थांबावंच लागतं. भिंगरीने दवाखाना सुचवला. तिथे पुष्कळ मैत्रिणी झाल्यात, आता आणखी नकोत, असं आजी म्हणाली. शेवटी सुनेनेच शोधून काढलं. एका सपाट गावाच्या मधोमध कालवा होता. जहाज आलं की त्यावरचा पूल उचलला जाई आणि दोन्हीकडची माणसं अडकून पडत.

“किती वेळ थांबावं लागतं?” आजीने विचारलं.

“बराच,” सून ओशाळून म्हणाली. “लोकांच्या फार तक्रारी आहेत.”

“मग जाऊ या.” आजी खुर्चीचे हात धरून उठली आणि बॅग कुठे आहे ते विचारू लागली.

गेल्यावर पहिल्याच सकाळी घंटा वाजली आणि पूल उचलला गेला. आजी काठावरच्या बाकावर बसली. शेजारी भाजीची पिशवी घेतलेली एक बाई टेकली. जहाज संथपणे निघून गेलं, पूल खाली आला, गर्दी हलली. आजी हलली नाही. त्या बाईच्या मुलाचं लग्न नुकतं कुठे ठरत आलं होतं. तुम्ही व्हा पुढे, असं आजीने हातानेच खुणावलं.

आजोबा आणि भिंगरी पुलाच्या मध्यावर पोहोचतात तोच घंटा पुन्हा वाजली. पहारेकऱ्याने हाकारलं, तशी दोघं धापा टाकत पलीकडे पोहोचली आणि तिथल्या बाकावर टेकली. मागे पूल उभा राहिला. कालव्यापल्याड आजी मान मागे टाकून हसत होती, आणि ती बाई तिच्या गुडघ्यावर थाप मारत होती.

आजोबांशेजारी एका रंगाऱ्याने खांद्यावरची शिडी खाली ठेवली. आता लवकर सुटका नाही, असं तो पुटपुटला.

“मग बसा ना,” आजोबा बाकावर सरकत म्हणाले. “कुठे निघाला होतात?”