डोंगरावरच्या खानावळीचा हमाल

मी एक खेचर बोलतोय. आई घोडी, वडील गाढव. त्यामुळे कष्ट दोन्ही घराण्यांकडून आले, मान मात्र कुणाकडूनच मिळाला नाही. मालकांनी माझं नाव 'साहेब' ठेवलं, कारण मला ओढून नेलेलं खपायचं नाही. "चला साहेब" म्हटलं की मी आपणहून निघायचो.

तरुणपणी मी विटा वाहिल्या. पुढे डोंगर राखीव झाला आणि गाड्यांना बंदी आली. जिथे चाक जात नाही तिथे माझे खूर जातात, म्हणून वनखात्याने मालकांसकट मलाही कामाला लावलं.

या डोंगरावरची गिधाडं कधीच संपली होती. ती पुन्हा वसवायची असं ठरलं. कुठल्याशा लांबच्या पिंजऱ्यात वाढलेली तरणी गिधाडं पेट्यांतून आली आणि त्या पेट्या माझ्या पाठीवरून कड्यावर गेल्या. आतून नखांची खरखर चाललेली, वास तर असा की विचारू नका. मनात म्हटलं, या असल्या पाहुण्यांसाठी घाम गाळायचा? पण पेटी उघडल्यावर त्यातलं एक कड्याच्या टोकापर्यंत चालत गेलं, खाली बघून घाबरलं, मागे फिरलं, आणि तेवढ्यात वाऱ्यानेच त्याला उचललं. त्या दिवसापासून ती सगळी मला आपली वाटायला लागली.

त्यांना स्वतःचं पोट भरता येईपर्यंत मेलेली गुरं वर पोचवायची, हे माझं काम. मालक वरच्या खडकाला 'खानावळ' म्हणायचे. "चला साहेब, गिऱ्हाइकं खोळंबलीत!"

गुरांचे डॉक्टर मात्र भलते कडक. प्रत्येक मेलेल्या जनावराच्या मालकाला ते विचारायचे, "दुखण्यावरचं काही औषध दिलं होतं का?" हो म्हटलं की जनावर सरळ खड्ड्यात. एकदा मालक कुरकुरले, "एवढी भरलेली गाय मातीत घालायची?"

"अहो, त्या औषधाने गाईचं दुखणं थांबतं," डॉक्टर म्हणाले, "पण तिचं मांस खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. दोन दिवसांत माना टाकतात. इथली पहिली सगळी अशीच गेली."

मालकांनी कान पकडले. मीही ते नीट ऐकलं. कान तर माझे त्यांच्याहून लांब आहेत.

यंदा एका जोडीने कपारीत घरटं केलं. वर्षाला एकच अंडं घालतात ती, त्याचं पिल्लू झालं. डोंगरावर जन्मलेलं पहिलं पिल्लू! मालक बारशाला निघाल्यासारखे नटून बघायला गेले होते.

मला जाता आलं नाही. माझ्या मागच्या पायाचा सांधा सुजला आणि मी अंगणात अडकलो तो अडकलोच. मालक डॉक्टरांना म्हणाले, "आमचे साहेब गेले की त्यांनाही वरच न्यायचं. जन्मभर त्यांनी वाढलंय." खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

आमच्या मालकीणबाई कधी डोंगर चढल्या नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात. मालक घरी आले की मिठाची गुळणी धरतात, त्यामुळे वरचे नियम त्यांना कोण सांगणार? एके दुपारी त्या पावाच्या तुकड्यात काहीतरी दडवून घेऊन आल्या. "माझीच गोळी आहे रे. तुझं-माझं दुखणं एकच. मी काय, बसून कामं उरकीन. यांना सांगू नकोस हं, ओरडतील."

सांगू नकोस म्हणे! सांगता आलं असतं तर!

पाव खाल्ला. घटकाभराने पायातली ठणक थांबली आणि माझे कान ताठ उभे राहिले. दुखणं थांबवणारं औषध!

दुसऱ्या दिवशी मी गोळी थुंकली. त्यांनी ती धुऊन परत दिली. मी दात आवळले, त्यांनी जबडा उघडला. "म्हातारपणी असा हट्ट करू नये रे राजा." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी गिळली. तेव्हापासून रोज गिळतोय, आणि त्या रोज लंगडत स्वयंपाकघरात जातात.

काल डॉक्टर आले. माझ्या पोटाला हात लावून म्हणाले, "आता फार दिवस नाहीत. दुखण्यावरचं काही दिलंय?"

"गळ्याशपथ नाही," मालक म्हणाले.

मालकीणबाई दारातच होत्या. त्यांनी हातातली बादली या हातातून त्या हातात घेतली, नवऱ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. ओरडा बसेल, एवढीच त्यांची भीती. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, लाथ झाडली. मालक कौतुकाने हसले. "बघा, अजून रग आहे आमच्या साहेबांत!"

"मग वरच न्या," डॉक्टर म्हणाले.

आज सकाळपासून मला उठता येत नाही. मालक माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेत. एकाला नियम ठाऊक आहे, गोळी नाही. दुसरीला गोळी ठाऊक आहे, नियम नाही. दोन्ही ठाऊक असलेला मी, आणि देवाने मला वाचा दिली नाही.

तुमच्यापैकी कुणाला माझं बोलणं कळत असेल, तर लवकर या. मालकांना विचारू नका, ते बिचारे त्यांना ठाऊक आहे तेच सांगतील. मालकीणबाईंना विचारा. आणि एवढं करा, त्यांच्यावर ओरडू नका.